उलानबातरहून आणलेलं चित्र

प्रिय संज्या,

मी आणलेल्या चित्राचा फोटो बघून तू लिहिलंस, "भारी, माळावरचा सूर्यास्त!" म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय, कारण फोनवर तू कुणाचं पूर्ण ऐकून घेत नाहीस. अरे, मंगोलिया म्हटलं की आपल्या डोक्यात घोडा, माळ आणि चंगेज खान, संपलं, पण त्या देशातली जवळपास निम्मी माणसं एकट्या उलानबातरमध्ये राहतात, आणि हे चित्र काढणारी बाईही शहरातच वाढलेली, सोव्हिएत काळातल्या सिमेंटच्या बिल्डिंगमध्ये.

फोटोत साइज कळत नाही. जेमतेम दोन वीत लांब आहे. खाली गेरू आणि करपलेला तपकिरी, पेंटिंग नाइफने दाबून लावलेला, इतका जाड की बोटाला कडा लागतात (हो, लावलं बोट, ओरडू नकोस). वरचा सगळा भाग राखाडी आणि त्यात एक वाकडी निळी रेघ. ती रेघ तू जवळून बघायला हवी होतीस! आधी सगळीकडे निळा लावून नीट वाळू दिलाय, त्यावर राखाडी चढवलाय आणि तो ओला असतानाच खरवडलाय. निळा आधीपासून होताच, तिनेच तो झाकला.

मला तो राखाडी धूर वाटला. हिवाळ्यात तिथे उणे तीसपर्यंत उतरतं, शहराच्या कडेने गेरांच्या, म्हणजे गोल तंबूंच्या वस्त्या, घरोघरी कोळशाची शेगडी, भोवती डोंगर, त्यामुळे धूर तिथेच कोंडतो. 2019 ला कच्च्या कोळशावर बंदी आली, त्याऐवजी ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या विटा जाळतात, तरी धूर काही गेला नाही. आणि हे लोक निळ्या आभाळाला देव मानणारे, खिंडीत दगडांच्या ओवोवर (पूजेच्या राशीवर) निळे खादग, म्हणजे रेशमी पट्टे बांधणारे! तिला विचारलं धूर आहे का, तर हसली, म्हणाली, चला, कुणीतरी घोडा शोधला नाही.

घोड्यांवरची तिची चिडचिड मला पटते. तिथल्या झानाबाझार म्युझियममध्ये शारव या चित्रकाराचं 'मंगोलियातला एक दिवस' आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्यात माणसंच माणसं, कोण लोकर कुटतंय, कोण भांडतंय, तासभर बघितलं तरी संपत नाही. तैलरंग आले ते रशियाकडून, बरेच चित्रकार मॉस्को-लेनिनग्राडला शिकून आले, पण 1990 पर्यंत सरकारला कामगार आणि गुराखी हवे होते, अ‍ॅब्स्ट्रॅक्टला कोण विचारतो. मग समाजवाद गेला, हवं ते काढायची मोकळीक मिळाली, आणि गिऱ्हाईक म्हणून आले टुरिस्ट, त्यांना परत घोडेच पाहिजेत. छोटं चित्र निदान बॅगेत तरी मावतं, असं ती अगदी सरळ म्हणाली. मला ते फार आवडलं, इथे कुणी असं बोलेल का?

तू आता आपल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टवाल्या गायतोंडेंचं नाव काढणार, माहितीये. पण त्यांचे थर एकमेकांत मुरतात रे, हिचे भांडतात. मला हे भांडण जास्त जवळचं वाटतं, तुला पटणार नाही.

आता कामाचं. तिथली हवा एकदम कोरडी आणि आपल्याकडे जूनपासून भिंतींना ओल. कॅनव्हासला मागून बुरशी धरली तर? काच लावू नको म्हणतात, वार्निशही जाड रंग पूर्ण वाळल्याशिवाय नको. तू ड्रॉइंगचा मास्तर, सांग काय करू, आणि सांगायला इकडेच ये.

तुझा,
अव्या