बाबा, तुमच्या हयातीबद्दल

जेल रोड, नाशिकरोड
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

'पत्र लिहिण्यास कारण की' इथेच पाच मिनिटं अडले. एरवी काही कारण असलं की आपण फोन करतो. या वेळी कारण आहे, तरी फोन करत नाहीये. फोनवर सांगायला लागले तर मध्येच 'आवाज येतोय का', 'जरा बाळाला घे', 'हॅलो हॅलो' होणार आणि सगळी मजा जाणार. शिवाय यात माझी एक चूक आहे. ती लिहून दिलेली बरी.

बाबा, तुमच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. निळी, अडीच रुपयेवाली, मोजून अकरा. तिकिटांच्या प्रेसमधून रिटायर झालात तरी पोस्टात जाऊन स्वतःच्या पैशांनी विकत आणता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यातलंच एक घेऊन लिहायला बसले, तर पहिल्या परिच्छेदातच कडेला पोचले. म्हणून ते फाडून फुलस्केपवर आले. अर्थात तुम्हाला हिशेब हवाच असेल: डब्यात आता दहा उरली.

तर झालं असं. मंगळवारी आईचं पासबुक भरून आणायला बँकेत गेले. नोव्हेंबर आहे हे डोक्यातच नव्हतं. दारापासून आतपर्यंत पेन्शनरच पेन्शनर. काठ्या, कानटोप्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात आधार कार्ड. एका टेबलावर कागद चिकटवलेला: हयातीचे दाखले. मी पासबुकाच्या मशीनपाशी उभी, तर मागून आवाज आला, "तू प्रेसवाल्यांची ना गं? हनुवटी तीच आहे."

वळून पाहिलं तर तुमच्या प्रेसमधले, तिकिटांना भोकं पाडणारे परफोरेशनवाले काका! ओळखू येईनात इतके वाळलेत. भगूरला मुलाकडे राहतात आता, वर्षातून एकदा दाखल्यासाठी येतात. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"आम्हाला कुणी कळवलंच नाही गं," म्हणाले. "कधी गेले?"

"गणपती झाल्यावर."

"फार त्रास झाला का?"

"गुडघ्यांचा झाला. तरी विमानात व्हीलचेअर मिळाली म्हणून बरं."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन क्षण थांबून विचारलं, "विमानात?"

"मग काय, बंगळुरूला रेल्वेने बसवतंय का त्यांना? दादाला मुलगा झाला ना. आई-बाबा दोघं तिकडेच आहेत."

बाबा, त्या माणसाने मला बँकेच्या मधोमध एक चापट मारली. हलकी नाही, चांगली. मग खुर्चीवर बसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, जिवंत आहे बेटा!" चार-पाच टकली एकदम वळली. त्यातल्या दोघांना मीसुद्धा ओळखलं, गेटसभेत घोषणा देणारे. एक म्हणाले, "मी तर देवळात तुझ्या बाबाच्या नावाने नारळ फोडला होता." त्या नारळाचे पैसे तुमच्याकडे बाकी आहेत, असा निरोप आहे.

घरी येईपर्यंत हसत होते. मग कुलूप उघडताना हसू गेलं. कारण काका जे म्हणाले ते असं होतं: गेल्या नोव्हेंबरात आला नाही, यंदाही नाही, फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही. मग माणसाने काय समजायचं?

या तिन्ही गोष्टी मी केलेल्या आहेत.

गेल्या वर्षी मीच तुमच्या तोंडासमोर फोन धरला, डोळे मिचकावा म्हटलं आणि दोन मिनिटांत दाखला काढून दिला. 'बघा, रांग वाचली!' तुम्ही त्या दिवशी जेवताना गप्प होतात. मला वाटलं, मशीनवर विश्वास नाही म्हणून. आई तेव्हा म्हणाली होती, "अगं, त्यांना रांगेतच जायचं असतं." मी ते हसण्यावारी नेलं. त्या रांगेत कोण आहे, कोण नाही, कुणाची बायपास झाली, कुणाच्या मुलीचं जमलं, हे सगळं कळायचं, आणि तिथून दहा जण चहाला बिटको चौकात जायचे. सरकारला दाखला एकच हवा होता, तुम्ही तिथे दहा जणांना देऊन यायचात. सरकारचा तेवढा पोचला.

माझं काम काय आहे ते मी तुम्हाला कधी धड सांगितलेलं नाही. पैसे भरायच्या ॲपमध्ये माणूस कुठे अडतो ते शोधायचं आणि तो अडथळा काढायचा. आमच्याकडे त्याला फ्रिक्शन म्हणतात. चार पायऱ्यांच्या तीन केल्या की टीममध्ये टाळ्या. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही तरी वेगळं काय करायचो? तिकीट चटकन सुटावं म्हणून भोकं पाडायचो." १९२६ पासून देशाची पोस्टाची तिकिटं नाशिकरोडला छापली जातात हे ते मला अशा थाटात सांगत होते की जणू पहिल्या पाळीला ते स्वतः हजर होते.

तर ऑफिसात जे करते तेच मी घरीही केलं. लाइट बिल आपोआप भरलं जायला लागलं, गॅस मोबाइलवरून, औषधं घरपोच, दुधाची पिशवी दाराच्या कडीला. तुमची कटकट कमी केली या आनंदात मी होते. काल स्वयंपाकघरातलं कालनिर्णय चाळत बसले होते. दोन वर्षांपूर्वीचंही मागे टांगलेलं आहेच, आई काही टाकत नाही. त्या जुन्यावर चौकोनाचौकोनात बाबांचं बारीक अक्षर: 'बिल भरले. मोऱ्याची भेट नाही, ताप.' 'औषधे आणली, मेडिकलवाल्याच्या मुलाला ८४ टक्के.' यंदाच्या कॅलेंडरवर फक्त दुधाचे खाडे.

आणि नंबर. तो का बदलला ते तुम्हाला माहीत आहे, पण मला आता त्या दिवसाकडे वेगळंच बघावंसं वाटतंय. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा तो व्हिडिओ कॉल, पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, दार लावून घ्या, बायकोलासुद्धा सांगू नका. दोन तास तुम्ही खोलीत कोंडून बसलात, आई बाजारात. डिजिटल अटक असलं काही कायद्यात नाही, हे तुम्ही पेपरात वाचलेलं होतं, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलेलं ऐकलंही होतं. ऐन वेळी काही आठवलं नाही. सुटका कुणी केली? शेजारच्या काकूंनी. वाटी परत द्यायला आल्या होत्या, रिकामी कशी द्यायची म्हणून चार चकल्या घालून. खोलीचं दार बंद दिसलं तर त्या काय थांबणार आहेत? ढकललंच. "कोणाशी बोलताय एवढं घाम येऊन?" झालं, फोन बंद.

मग तक्रारीचा नंबर १९३० आहे हे तुम्हीच मला सांगितलंत, "काळारामाच्या सत्याग्रहाचं साल, विसरेन कसा?" आणि मी काय शहाणपणा केला? नवं सिम घेतलं आणि नवा नंबर मोजून सहा ठिकाणी दिला: मी, दादा, वहिनी, बँक, डॉक्टर, गॅस. त्या चोरानेही हेच सांगितलं होतं ना, कुणाशी बोलू नका. त्याला जे दोन तास जमलं ते मी वर्षभर करून दाखवलं. (आई, लगेच डोळे पुसू नकोस. मी हे रडत लिहीत नाहीये, कांदा चिरत लिहितेय.)

आई, तुझ्याकडे परवा पाहुणी आली होती. बेल न वाजवता अंगणातूनच "बाई!" अशी हाक. करंजाळीची तुझी विद्यार्थिनी, आता तिचीच मुलगी बारावीला आहे. पाच किलो नागली घेऊन, एसटीने. फोन करून का नाही आलीस विचारलं तर म्हणाली, बाई घरी नसल्या तर शेजारी ठेवून जाणार होते. तुमच्या बंगळुरूच्या गेटवर तिचं काय झालं असतं? चौदाव्या मजल्यावरून दादाने होकार देईपर्यंत ती नागली घेऊन उन्हात. मी तिला चहा-पोहे केले. पोहे कोरडे झाले होते, तिने खाल्ले.

ती बोलता बोलता २०१८ च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चवर आली. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून निघाले तेव्हा तू तिथे उभी होतीस, हे मला माहीत होतं. पेठ तालुक्यातली आपली पोरं दिसतात का बघायला. पण तू वहीत त्यांची नावं लिहून घेत होतीस, हजेरी घेतल्यासारखी, हे तिने सांगितलं. वनजमिनीचे दावे २००६ चा वनहक्क कायदा होऊन बारा वर्षं झाली तरी लटकलेले, म्हणून ती माणसं मुंबईपर्यंत १८० किलोमीटर चालली. मी तेव्हा दादरला भाड्याच्या खोलीत राहायचे. शेवटच्या रात्री ते सायनहून आझाद मैदानात गेले, दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून रात्रीच आणि आवाज न करता. माझ्या खोलीपासून फार लांबून नाही. मी गाढ झोपलेले. सकाळी तुझाच फोन, "पोचली का गं आमची माणसं?" आणि मी विचारलं, "कोण माणसं?"

२०२३ मध्ये ते पुन्हा दिंडोरीहून निघाले तेव्हा मी तुला चिडवलं होतं. लेखी कबूल झालेलं मागायला परत चालायचं, मग पहिल्यांदा मिळालं काय? तू भाकरी थापत म्हणालीस, "गृहपाठ एकदा सांगून कुठलं पोर करतं? परत परत मागावा लागतो." मला तेव्हा ते उत्तर भाबडं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्याकडे त्याहून बरं उत्तर नाही.

तपोवनातल्या झाडांचं तुम्ही बातम्यांत बघत असालच. २०२७ च्या सिंहस्थात साधुग्राम उभारायचंय, म्हणून सतराशे-अठराशे झाडांवर गदा आली आणि शहर जागं झालं. मी आधी मोबाइलवर एक सही ठोकली, अर्ध्या मिनिटात, आणि विसरून गेले. नंतर वाटलं, आपण नाशकातच आहोत की! सिटीलिंकच्या बसने गेले. कॉलेजची पोरं, आजोबा, लहान मुलं झाडांना मिठ्या मारून. एकाने कोरा कागद पुढे केला, हरकत लिहून द्या म्हणून. मला सुरुवातच सुचेना. घरी येऊन बाबांच्या अर्जांची फाइल काढली. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'कळावे' पर्यंत सगळं तयार. पाणी, गटार, दिवा, भटकी कुत्री, प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात आवक नंबर. त्या फाइलला मी किती नावं ठेवली होती! तिच्यातलाच एक अर्ज समोर ठेवून माझा लिहिला आणि पोच घेतली. दिव्याच्या अर्जांचे सात कागद आहेत, आणि कोपऱ्यावरचा दिवा लागतो. हेही आत्ताच लक्षात आलं.

महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, पावणेचार वर्षं प्रशासकांवर गाडा चाललाय. आता ३१ जानेवारीच्या आत निवडणुका उरका असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. माझं नाव अजून इथल्याच यादीत आहे, आणि २०१७ ला मी मतदानाला आले नव्हते, सुट्टी नाही म्हणून. यंदा आधीच टाकली. एका प्रभागात चार-चार निवडायचे, तेव्हा बाबा, चौघांची कुंडली तुम्हीच मांडून द्यायची आहे. म्हणून म्हणते, संक्रांतीच्या आधी या. दादाशी मी बोलते. बाळाला घेऊन वहिनीही आली तर सोन्याहून पिवळं, इथे थंडी मस्त पडलीय.

बारीकसारीक: मागचा नळ दुरुस्त केला. तुळस जगलीय, मोगऱ्याची खात्री देत नाही. काकूंची वाटी आपल्याकडे आहे, तिच्यात काय घालून देऊ ते आई, फोनवर सांग.

बाबा, जुनं सिम सुरू होण्याचा मार्ग नाही, मी विचारलं. तुमचा नवा नंबर त्या दिवशी बँकेत सगळ्यांना दिलाय. काकांनी तो पेनाने हातावर लिहून घेतला, आणि त्यांच्या वयाला तेवढ्यात घाम येऊन पुसलाही गेला असेल. म्हणून पाकिटात एक अंतर्देशीय घातलंय (आता उरली नऊ). भगूरचा पत्ता मी वर लिहून ठेवलाय. आत तुम्ही लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, पण वहिनीकडून लिहून घेऊ नका आणि टाइप करून चिकटवू नका. अक्षर तुमचं पाहिजे, काकांनी तसं बजावून सांगितलंय.

तुमची,
चिऊ