खांद्यामागं चार बोटं

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'ट्रॉफी हंटिंग'वर, म्हणजे मुंडकं-कातडं मिरवण्यासाठी केलेल्या शिकारीवर, आलेला लेख आणि नंतरची दोन पत्रं वाचली. लेखकाच्या मते हौसेखातर जनावर मारणारा माणूस विकृतच असतो आणि जगभर बंदी हाच त्यावर उपाय. एका पत्रलेखकाचं म्हणणं उलटं : आफ्रिकेतलं रान शिकाऱ्यांच्या डॉलरांवरच तगलं आहे. दोघंही ठाम. मला तसं ठाम होता येत नाही, कारण आमच्या दिवाणखान्यात वाघाचं मुंडकं आहे.

आमचं मूळ गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडचं, आजोबा तिथले मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी हा वाघ मारला. लहानपणी या दोन सालांचा संबंध मला कधी लागला नाही. आता लागतो. पूर्वी हाका करायला, म्हणजे गलका करून जनावर शिकाऱ्याकडे हुसकवायला, गावातली माणसं वेठीला यायची. त्या वर्षी पहिल्यांदा प्रत्येकाला रोख मजुरी मोजावी लागली. हे आजोबा स्वतःच सांगायचे, आणि सांगताना आवाजात वाघाच्या फुशारकीपेक्षा त्या मजुरीची खंत जास्त असायची. जमीन गेली, वसुली गेली, तरी आपल्या शब्दाखातर साठ माणसं रान उठवतात, हे गावाला एकदा दाखवायचं होतं. वाघ त्या हिशेबात सापडला.

मुंडकं म्हैसूरहून भरून आणलेलं. डोळे काचेचे, जीभ रंगवलेली. वरच्या ओठाला बारीक चीर गेली आहे, तिच्यातून आतला लगदा दिसतो. पावसाळ्यात त्याला ओल्या गोणपाटासारखा वास येतो. जबडा चांगला वितभर वासलेला आहे. आजोबांच्याच सांगण्यानुसार, गोळी लागली तेव्हा हा वाघ हाक्याच्या गलक्यापासून निमूट दूर चालला होता. गुरगुरणारा चेहरा त्याला नंतर कारखान्यात मिळाला.

१९८४ च्या मे महिन्यात मी आजोबांना ताडोब्याला घेऊन गेलो. तळ्याकाठी एक वाघीण मागचं अंग पाण्यात बुडवून बसली होती. जीपमधले सगळे चिडीचूप. आजोबा तेव्हा ऐंशीला टेकलेले. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "खांद्यामागं चार बोटं." मला वाटलं, काहीतरी दाखवतायत. परतीच्या वाटेवर स्वतःहूनच म्हणाले, "मला वाघ कधी नुसता दिसलाच नाही रे. आधी जागा दिसते."

म्हणून 'विकृत' हा शब्द मला पुरत नाही. गाय अडली तर रात्रभर गोठ्यात बसणारा हा माणूस होता. माणूस भुकेपोटी शिकार करतो, भीतीपोटी करतो, पीक राखायला करतो. ट्रॉफीवाल्याला यातलं काहीच लागू नाही. त्याला पुरावा हवा असतो. म्हणून तर टेप. वाघाची लांबी नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकून सरळ मोजायची, की पाठीच्या वळणावरून टेप फिरवत मोजायची, यावर गोरे साहेब वर्षानुवर्षं हुज्जत घालत बसले, कारण वळणावरून मोजलं की वाघ काही इंचांनी वाढतो. जनावरं भरून देणाऱ्या लंडनच्या रोलंड वॉर्डनं १८९२ मध्ये शिंगांची आणि कातड्यांची मापं पुस्तकात छापायला सुरुवात केली, ती परंपरा अजून चालू आहे. मेलेल्या जनावरात इंचांची भर घालण्याची ही धडपड कोणत्या भुकेची, ते वाचकांनीच ठरवावं.

आणि ही भूक कुठवर जाते याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९४७ साली आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारले. तिन्ही नर. त्यांच्यानंतर भारतात चित्ता मारल्याची खात्रीलायक नोंद नाही. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्या शिकारीचा वृत्तांत मुंबईला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) नियतकालिकाकडे आला. संपादकांनी तो छापला, पण सोबत टीप जोडली : वाचून इतकी किळस आली की पहिल्यांदा केराच्या टोपलीत टाकावंसं वाटलं, छापतो आहोत ते कौतुक म्हणून नव्हे, आरोप म्हणून. अशा अर्थाची टीप. तीही अशा संस्थेकडून, जिच्या सभासदांत नामांकित शिकारी भरपूर होते. संपादकमहाशय, अशी टीप घालायला छाती लागते.

आता आफ्रिका. २०१५ च्या जुलैत झिम्बाब्वेतल्या ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर 'सेसिल' नावाचा तेरा वर्षांचा सिंह एका अमेरिकी दंतवैद्यानं मारला. आमिष टाकून त्याला बाहेर आणलं, आधी बाण मारला, आणि जखमी सिंह संपायला कित्येक तास लागले. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचा पट्टा होता. सगळं जग हळहळलं. तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या एका झिम्बाब्वेच्या विद्यार्थ्यानं तिथल्या वृत्तपत्रात लिहिलं की, सिंह मेल्याचं ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं, आमच्या गावाला सिंहाची दहशत काय असते ते मला ठाऊक आहे. हे वाचून माझ्या पुण्यातल्या मेहुण्यांना राग आला होता. नागभीडकडच्या चुलतभावाला अजिबात आला नाही.

पैशाचा मुद्दाही थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पाकिस्तानात पिळदार शिंगांच्या मारखोर बोकडाच्या शिकारीचे मोजके परवाने दरवर्षी लिलावात निघतात. एकेक परवाना लाख डॉलरच्या वर जातो, वयस्क नरच मारायचा असतो, आणि ऐंशी टक्के रक्कम त्या दरीतल्या गावांना मिळते. गावकरीच मग चोरट्या शिकाऱ्यांना हुसकावतात. मारखोर वाढला, २०१५ मध्ये त्याला प्रजातींच्या धोक्याच्या क्रमवारीत दोन पायऱ्या खाली आणलं गेलं. उलट केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे, आणि तिथले वन्य प्राणी त्यानंतरही घटतच गेले. कुरणं गेली, कुंपणं आली. बंदूक नसली म्हणून जनावर वाचतं असं नाही. बोट्सवानात तर एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत. ट्रॉफी आयातीवर निर्बंधांचा विचार करणाऱ्या जर्मनीला बोट्सवानाच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२४ मध्ये सुनावलं : वीस हजार हत्ती पाठवतो, नांदा त्यांच्यासोबत. हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो.

पण त्याच पैशानं दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात सिंह पैदा करून, वाढवून, कुंपणाच्या आत गिऱ्हाईकासमोर सोडायचा धंदाही उभा केला. असे हजारो सिंह तिथं आहेत. त्यानं कोणता निसर्ग वाचतो? २०१४ मध्ये टेक्सासमध्ये नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरला गेला. तेव्हा सांगितलं गेलं की, तो म्हातारा नर कळपाला निरुपयोगी आहे. असेलही. मग तेवढीच रक्कम नुसती देणगी म्हणून का येत नाही, हा प्रश्न लिलावात बोली लावणाऱ्यांना विचारायला हवा. उत्तर आमच्या भिंतीवर आहे. साडेतीन लाखांत गेंडा वाचतो तो वरकड; विकत घेतलेली गोष्ट वेगळीच असते. पैसा चांगल्या कामी लागू शकतो हे मला मान्य, मात्र तो देणाऱ्याला निसर्गप्रेमी म्हणायला मी तयार नाही.

पत्रलेखक महोदयांनी भारतातही हे सुरू करावं असं सुचवलं आहे. आपल्याकडे ते सुरू होतंच की! स्वातंत्र्यानंतर शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना वाघ विकायच्या, आणि परकीय चलन मिळतं हाच तेव्हाही युक्तिवाद होता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये कायदा आला आणि त्याच वर्षीच्या गणतीत देशभरात १,८२७ वाघ भरले. तो पैसा गावात किती पोचला? हाक्याची मजुरी, तेवढाच. मारखोरच्या दरीत परवान्याचा पैसा ज्या हक्कानं गावात येतो, तो हक्क आमच्याकडच्या एकाही गावाला वाघावर नाही. आधी तो द्या, मग लिलावाचं बोला. तोही दिला तरी माझा विरोध राहीलच, पण निदान वाद बरोबरीचा होईल.

आणखी एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. आजोबांना शूटिंग ब्लॉकचा, म्हणजे शिकारीसाठी नेमून दिलेल्या रानाचा, परवाना मिळाला, फोटो निघाला, मुंडक्याला मालकीचं सरकारी प्रमाणपत्रही आहे. त्याच रानात फासे लावणाऱ्या फासेपारध्यांच्या नशिबी गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १८७१ चा तो कायदा गेल्याला सत्तर वर्षं उलटली, तरी गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर पोलीस जातात. जनावर तेच, मरणही तेच. एकाची शिकार, दुसऱ्याचा गुन्हा. पारधी आज वाघ मारतो ते कातड्या-हाडांच्या व्यापाऱ्यांसाठी, आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण आमच्या दिवाणखान्यात बसून त्याच्यावर बोलायला जीभ रेटत नाही.

बरं, आपण तरी त्या फोटोपासून किती लांब आलो? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. समोरून, डोळ्यांत बघणारा वाघ हवा, पाठमोरा चालत नाही. आजोबांचीही तीच अट होती, त्यांनी ती कारखान्यात पुरी करून घेतली.

यवतमाळच्या अवनी वाघिणीचंही आठवून पाहा. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगावच्या रानात ती मारली गेली आणि मुंबईत मोर्चे निघाले. तिला मारणाऱ्याला पुढे चांदीची वाघाची मूर्ती देण्यात आली, ते प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सत्कार गावकऱ्यांनी केला होता, असं तिथं सांगितलं गेलं. मुंबईकरांना ती मूर्ती बीभत्स वाटली. मलाही वाटली. पण कापूस वेचायला जाताना आठ-आठ बायका एकत्र जाणाऱ्या गावानं ती दिली होती, आणि त्यांनी तिचं मुंडकं मागितलं नव्हतं.

वाघानं माणूस मारला तर सरकार घरच्यांना २५ लाख रुपये देतं. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेल्या धानाचा पंचनामा मात्र तलाठी येईल तेव्हा. मग कुणीतरी कुंपणात वीज सोडतो, डुकराऐवजी वाघ चिकटतो, आणि तो शेतकरी जेलात जातो. आमच्या गावाच्या पंचक्रोशीत हे घडलं आहे. त्याला कुणी ट्रॉफी म्हणणार नाही. पण वाघ मेलाच.

घरच्या मुंडक्याचं काय करायचं, यावरून मुलीचं आणि माझं पटत नाही. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं अशा वस्तू स्वेच्छेनं वनखात्याकडे जमा करता येतात, असं तिनं मला तीनदा वाचून दाखवलं आहे. मी अजून दिलेलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून कृपया नाव छापू नये.

जाता जाता एक विनंती. या विषयावर पुन्हा पान काढलंत, तर आमच्यासारख्या शहरवाल्यांची पत्रं थोडी कमी करा आणि नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. तो लिहून देणार नाही, पण बोलेल. फोन रात्री दहानंतर करावा. जागलीला गेलेला असतो, जागाच असतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर