बाटलीतले खडे

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले, "पित्ताची पिशवी काढून टाकली ना, मग पुन्हा कशाला कापायचं?" मला नीट सांगता येईना. आवाज भरून आला आणि रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला. रेंज होती.

आई, ते खडे बाटलीत भरून आल्यागेल्याला दाखवतेस. पण त्या खड्यांमुळेच पिशवी तपासणीला गेली आणि हे कळलं. सुरुवातीचा पित्ताशयाचा कॅन्सर बऱ्याचदा असाच, खड्यांच्या आडून सापडतो. सोनोग्राफीत दिसला नाही म्हणून त्या डॉक्टरांवर चिडू नका.

बाबा, तुम्ही रिपोर्टमध्ये भिंग लावून वाचलेलं 'टी१बी' म्हणजे काय, ते मी सर्जनना चित्र काढायला लावून समजून घेतलं. पिशवीची भिंत जेमतेम २-३ मिलिमीटरची. रोग आतल्या अस्तरापुरता, म्हणजे 'टी१ए' असता, तर पिशवी काढली की काम झालं असतं. आईचा स्नायूच्या थरात उतरलाय. आणि पिशवी यकृताला जिथे चिकटलेली असते, तिथे मध्ये वेगळं आवरणच नसतं. म्हणून तिथला यकृताचा साधारण २ सेंटीमीटरचा थर आणि पित्तनलिकेजवळच्या लसिका ग्रंथी काढायच्या. ग्रंथी निदान ६ तरी तपासायला मिळायला हव्यात, नाहीतर रोग तिथवर पोचलाय का हे खात्रीने सांगता येत नाही.

पिशवीच्या नळीचं कापलेलं टोक स्वच्छ आहे. रिपोर्टमधली ती ओळ मी तीनदा वाचली. तिथे रोग असता तर मुख्य पित्तनलिकाही काढून आतडं जोडायची वेळ आली असती. पिशवी न फुटता निघाली, पित्त पोटात सांडलं नाही, हेही नशीबच.

आधी सीटी स्कॅन होईल. ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा दुर्बिणीतून बघतील आणि रोग पसरलेला दिसला तर पुढे जाणार नाहीत. हे तुमच्यापासून लपवून ठेवणं मला जमणार नाही.

आई, माझ्या सुट्ट्यांपर्यंत थांबू म्हणतेस, ते विसर. पहिल्या ऑपरेशननंतर ४ ते ८ आठवड्यांत हे करणं बरं, असं सर्जन म्हणतात, आणि त्यातले ३ गेलेसुद्धा. रजा मी टाकली आहे.

बाबा, लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि पिशवीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, इथे पुन्हा तपासायचेत. पहिल्या ऑपरेशनचा कागदही आणा. बाटली घरीच राहू दे.

तुमची,
छकुली