हिरवा पट्टा, चांदीचं बक्कल

प्रिय सिस्टर,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. इंग्रजीत तुमचे आभार मी पुष्कळदा मानले. दर नाताळला, कार्डावर, तीन ओळींत. त्या तीन ओळींत काही मावलं नाही. आता तुमची कार्डं यायची थांबली आहेत आणि मलाही पंचाहत्तरावं लागलंय. शिवाय जे सांगायचंय ते तुमच्यापेक्षा माझ्याकडच्या माणसांनी ऐकायला हवं, म्हणून हे उघडं पत्र.

'सिस्टर' या शब्दापासूनच माझा घोळ सुरू झाला होता. आमच्याकडे दवाखान्यात गणवेश घातलेली कुठलीही बाई ही सिस्टरच. जानेवारी १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या त्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी मी बेडपॅन धुणाऱ्या मुलीला सिस्टर म्हणाले, तर ती दचकून मागे वळून बघायला लागली. तिकडे सिस्टर वॉर्डात एकच. अख्ख्या वॉर्डाची मालकीण. ती आली की डॉक्टरसुद्धा हात खिशातून बाहेर काढायचे. त्या वॉर्डाच्या सिस्टर तुम्ही होतात, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या, आणि मला 'पेट' म्हणायचात. ते लाडाने म्हणतात हे कळेपर्यंत मला वाटायचं, हिंदीतल्या पोटाविषयी काहीतरी चाललंय.

तिसऱ्या आठवड्यातली ती रात्र. आपण कपाटासमोर चादरी मोजत होतो. तुम्ही माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट केलंत.

"हा हिरवा कुणी दिला तुला?"

"ऑफिसने."

"आणि सही कशावर केलीस?"

कशावर केली ते मला कुठे ठाऊक होतं! राजापूरला पोस्टाने फॉर्म आला होता. शाळेच्या हेडमास्तरांनी तो वाचला, जिथे फुली होती तिथे मी सही केली. इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकायला मिळणार, वर दरमहा पैसेही मिळणार, यापुढे कुणी काय विचारायचं?

"चादरी राहू देत," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून चादरी राहू देत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटचंही.

मग तुम्ही मला समजावलंत. ब्रिटनमध्ये तेव्हा नर्स व्हायचे दोन रस्ते होते. एक तीन वर्षांचा, शेवटी परीक्षा, मग स्टेट रजिस्टर्ड नर्स, म्हणजे एसआरएन. दुसरा दोन वर्षांचा, त्यातून व्हायचं स्टेट एनरोल्ड नर्स, एसईएन. पहिल्या रस्त्यावरची मुलगी 'स्टुडंट', दुसऱ्यावरची 'प्युपिल', आणि आपल्याकडे हिरवा पट्टा प्युपिलचा. माझ्या खिशातल्या शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच, विद्यार्थिनी. पण एसईएन कधी स्टाफ नर्स होत नसे, मग सिस्टर होणं तर दूरच. मायदेशी परत गेली तर बहुतेक ठिकाणी तिला नर्स म्हणून कुणी उभंही करत नसे. वेस्ट इंडीजमधून, आफ्रिकेतून, आमच्याकडून आलेल्या कित्येक मुली हा फरक न कळताच दुसऱ्या रस्त्याला लागल्या होत्या. माझ्या हातात मॅट्रिकचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट होतं. ते कुणी बघायलाही मागितलं नव्हतं.

तुम्हाला हे कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. पुढे रात्रपाळीच्या चहावर तुम्हीच ते थोडंथोडं सांगत गेलात.

तुमचं घर शेतकऱ्याचं, जमीन म्हणजे खडकांत अडकलेली हिरवळ. भावंडं नऊ. जमीन एका मुलाला जायची, जमलं तर एका मुलीच्या लग्नापुरता हुंडा निघायचा, उरलेल्यांच्या वाट्याला बोटीचं तिकीट. घरात वीज नाही, नळ नाही. पाणी विहिरीवरून आणायचं ते बायकांनीच. वडील दर उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या शेतांवर कापणीला जायचे आणि थंडीला परत यायचे. हे ऐकून मला हसू आलं होतं, आठवतं? माझे वडील परळच्या गिरणीत. गणपतीला यायचे, शिमग्याला जमलं तर यायचे, एरवी दर महिन्याला मनीऑर्डर. आमचं कोकण त्या मनीऑर्डरीवर चालायचं. पुरुष मुंबईला, बाया घरी. पण तुमच्याकडे मुलीच निघाल्या. एकेकट्या, बिनलग्नाच्या, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी. १९४६ ते १९५१ या वर्षांत तर आयर्लंडमधून बाहेर पडणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. आमच्या वाडीत असं काही झालं असतं तर देवळात सभा बसली असती.

तुमच्याकडेही ती बसलीच म्हणा, फक्त मोठी. डब्लिनच्या आर्चबिशपनी १९४२ मध्येच परदेशी जाणाऱ्यांसाठी कल्याण कार्यालय उघडलं होतं. त्यातली मोठी काळजी पोरींच्या श्रद्धेची आणि चारित्र्याची. तरुण मुलींना देश सोडायला बंदी करावी का, यावर सरकारदरबारीही खल झाला. १९४८ मध्ये सरकारने या स्थलांतरावर आयोग नेमला. त्याचा अहवाल १९५४ मध्ये आला. "तोवर मी परीक्षा पास होऊन वर्ष झालं होतं," असं तुम्ही सांगितलंत आणि बिस्किट चहात बुडवलंत.

का जात होत्या मुली, हे कळायला आयोग कशाला हवा होता? नर्सिंग शिकायचं तर आयर्लंडमधली रुग्णालयं मुलीकडूनच फी मागत. इंग्लंडमध्ये १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती, नर्सेस मिळत नव्हत्या, आयरिश वर्तमानपत्रांत जाहिराती येत होत्या. फी नाही, राहायला खोली, हातात थोडे पैसे. शिक्षणाची किमान अटसुद्धा तेव्हा काढून टाकलेली होती. ती परत आली १९६२ मध्ये. सरकारी नोकरीतल्या मुलीला आयर्लंडमध्ये लग्न झालं की नोकरी सोडावी लागे, तो नियम उठला १९७३ मध्ये. तुमच्या थोरल्या बहिणीने डब्लिनमधली टायपिस्टची जागा अशीच सोडली. तिच्या लग्नाचा फोटो तुम्ही मला दाखवलात तेव्हा बोट नवऱ्यावर ठेवलं नव्हतंत. तिने हातमोज्यांत लपवलेल्या हातांवर ठेवलं होतंत. "मिनिटाला ऐंशी शब्द," एवढंच म्हणालात.

१९५० च्या सप्टेंबरात तुम्ही आणि शेजारच्या गावातली तुमची मैत्रीण एकाच आगगाडीने डब्लिनला आलात, डन लेअरीच्या धक्क्यावरून रात्रीची बोट धरलीत आणि होलीहेडला उतरून पुन्हा आगगाडीत बसलात. बोटीवर मैत्रीण सारखी ओकत होती आणि तुम्ही तिची टोपी धरून उभ्या होतात. क्रूला गाडी बदलायची होती, तिथे तुमची ताटातूट झाली. तुम्ही बर्मिंगहॅमला आलात, ती उत्तरेला एका क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये गेली. तिनेही फुली बघून सही केली होती. ती असिस्टंट नर्स झाली, म्हणजे त्या काळातली एसईएन. दहा वर्षांनी आईच्या आजारपणासाठी ती मेयोला परतली. जवळच्या रुग्णालयात नोकरी मागायला गेली तर तिला वॉर्डातल्या मोलकरणीची जागा देऊ केली. तिने ती घेतली.

म्हणून तुम्ही माझ्या पट्ट्याकडे बोट केलं होतंत.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून, झोपायला न जाता, माझं सर्टिफिकेट पर्समध्ये घालून तुम्ही ट्युटरबाईंच्या ऑफिसात गेलात. आत काय झालं ते मला कधीच कळलं नाही. बाहेर बाकावर बसून मला फक्त तुमचा आवाज ऐकू येत होता, आणि तो चढत नव्हता. तुमचा आवाज चढला नाही की समोरच्याचं काही खरं नसायचं. ऑफिस म्हणालं, मुलीला नव्याने सुरुवात करावी लागेल, झालेले आठवडे धरणार नाही. "चालेल," असं माझ्या वतीने तुम्हीच सांगून टाकलंत. तेव्हा मला रागच आला होता. आता कबूल करायला हरकत नाही.

१९७३ मध्ये मी एसआरएन झाले. त्या मधल्या तीन वर्षांबद्दल फार सांगत नाही. पाय दुखले, थंडी वाजली, भाताची आठवण आली. सगळ्यांचं असंच होतं.

तुमच्या पहिल्या पगाराची गोष्ट मात्र सांगायची आहे. जेवणाखाणाचे पैसे कापून हातात जे आलं त्यातल्या निम्म्याची तुम्ही पोस्टल ऑर्डर काढलीत आणि आईला पाठवलीत. पुढे कधी थांबला नाहीत. आयर्लंडमध्ये माध्यमिक शाळेला १९६७ पर्यंत फी होती. तुमचे तीन धाकटे भाऊ त्या पोस्टल ऑर्डरीवर शिकले, एक तर शिक्षक झाला. हे तुमच्या एकट्या घरचं नव्हतं. १९६१ साली परदेशातल्या आयरिश माणसांनी घरी पाठवलेली रक्कम देशाच्या शिक्षणावरच्या खर्चाच्या जवळपास भरत होती, हे मी खूप नंतर वाचलं आणि वाचताना उठून उभी राहिले. त्याच वर्षीच्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या २८ लाखांवर उतरली होती. १८४१ मध्ये, मोठ्या दुष्काळाआधी, त्याच भूभागात ६५ लाख माणसं होती. १९५० नंतरच्या एका दशकात निव्वळ चार लाख निघून गेली. मागे राहिलेल्यांची पोरं निघून गेलेल्या पोरींच्या पैशांवर वाढली. आमच्याकडे चाकरमान्यांना गावात निदान मान असतो, शिमग्याला त्यांच्यासाठी कोंबडं कापतात. तुम्हाला मात्र शिक्षक झालेला तो भाऊ, "इंग्लंडचं वारं लागलंय हिला," असं म्हणाला होता. तुम्ही ते हसत सांगितलंत. मला अजून हसू येत नाही.

आपली दोघींची वाट एकच होती असंही मी म्हणणार नाही. १९६२ च्या ब्रिटिश स्थलांतर कायद्याने आमच्यासारख्यांना बंधनं आली, तुमच्या लोकांना तो लावलाच गेला नाही. रस्त्यात तुम्ही तोंड उघडेपर्यंत परक्या नव्हतात, मी घराबाहेर पाऊल टाकलं की परकी. हे तुम्हीच एकदा बोलून दाखवलंत. खोली आयरिश माणसाला मिळणार नाही अशा पाट्या तुमच्या बांधकामावरच्या भावाने पाहिल्या होत्या. तुम्ही नर्सेसच्या वसतिगृहात राहात होतात म्हणून तुमच्यावर ती वेळ आली नाही. आणि वॉर्डात कधी एखादी आयरिश मुलगी पोट लपवत यायची. इंग्लंडमधल्या सोशल वर्करांकडे अशा मुलींसाठी तीन अक्षरं तयार होती, 'पीएफआय', प्रेग्नंट फ्रॉम आयर्लंड. ती अक्षरं कुणी उच्चारली की तुम्ही त्या व्यक्तीला चहा आणायला पाठवायचात आणि स्वतः त्या मुलीच्या खाटेशी बसायचात.

मग २१ नोव्हेंबर १९७४ उजाडला. बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. ठपका आयआरए या आयरिश बंडखोर संघटनेवर आला. तुम्ही त्या रात्री सुट्टीवर होतात, तरी चालत आलात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलला नाहीत. पुढच्या आठवड्यात आपण दोघी किराणा आणायला गेलो. दाराशी तुम्ही थांबलात आणि यादी माझ्या हातात दिलीत.

"तू माग," म्हणालात, "मी उभी राहते."

चोवीस वर्षं ज्या दुकानातून तुम्ही बटर घेत होतात तिथे तुम्हाला बोलायचं नव्हतं. मी, राजापूरची, माझ्या कच्च्या इंग्रजीत तुमच्यासाठी पीठ आणि ताक मागितलं. तुमचा तो सोड्याचा पाव ताकाशिवाय होत नसे. दुकानदार माझ्याशी चांगला बोलला. तुम्ही डब्यांच्या फळीकडे बघत राहिलात. त्या प्रकरणात जन्मठेप झालेल्या सहा आयरिश माणसांची शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाली. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होऊन मेयोला परत गेलात. आयरिश लोकांची सेंट पॅट्रिक दिवसाची, त्या स्फोटांनंतर थांबलेली मिरवणूक बर्मिंगहॅममध्ये परत निघाली १९९६ मध्ये. मी कोपऱ्यावर उभी राहून ती पाहिली आणि तुम्हाला कार्ड पाठवलं, मार्चमध्ये, नाताळची वाट न पाहता.

आता खबर. माझ्या भावाची नात नर्स झाली आहे. रत्नागिरीहून, इंग्रजीची परीक्षा देऊन, आयर्लंडला निघाली आहे. तिकडच्या रुग्णालयांत आता भारतीय नर्सेस मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे तुमच्या भावांना आज सलाईन लावणारी मुलगी कोट्टयमची असू शकते, नाहीतर आमच्या लांज्याची. पोरीने फोनवर आनंदाने सगळं सांगितलं, विमान, पगार, थंडीचा कोट. मी तिला बोलू दिलं. मग विचारलं, "बाळा, सही कशावर केलीस?"

तिने करारपत्राचा फोटो पाठवला. दोन तास लागले, पण मी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला आणि तिला दोन जागा विचारून घ्यायला लावल्या. तिलाही माझा थोडा राग आला असावा.

एसआरएन झाले त्या दिवशी तुम्ही तुमच्या जुन्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल काढून मला दिलंत. मी ते तीस वर्षं लावलं. ते पोरीला द्यावं म्हणून पुसून ठेवलं होतं, पण ती म्हणते, आजी, आमच्या गणवेशाला पट्टाच नसतो. तेव्हा ते अजून माझ्याकडेच आहे, सिस्टर, कपाटात, चादरींच्या वरच्या खणात.

तुमची,
हिरव्या पट्ट्याची पोर