प्रादेशिक व्हिसा आणि मालकाच्या सहीची भीती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : ऑस्ट्रेलियातील प्रादेशिक व्हिसाच्या जाहिराती व तेथे जाणाऱ्या तरुणांना मिळणारी अपुरी माहिती

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत गेले काही महिने ‘ऑस्ट्रेलियात नोकरी, पीआर (म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना) हमखास’ अशा छोट्या जाहिराती सातत्याने येत आहेत. मी व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो येथे अकरा वर्षे राहते आणि आपला अंक रोज इंटरनेटवर वाचते. या जाहिरातींवर विसंबून इकडे आलेली आपली मुले मला भेटतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जाहिरातींमधला व्हिसा बहुतेक वेळा 494 क्रमांकाचा असतो. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या या व्हिसावर मान्यताप्राप्त मालक परदेशी कुशल कामगाराला बोलावू शकतो; मात्र कामगाराने सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडून उरलेल्या ऑस्ट्रेलियातच राहायचे आणि काम करायचे असते. प्रादेशिक म्हटले की आपल्याकडे आडरान डोळ्यांसमोर येते, पण पर्थ आणि ॲडलेडसारखी मोठी शहरेही या व्याख्येत बसतात. व्हिसा पाच वर्षांचा असतो, बायकामुलांना सोबत आणता येते आणि तीन वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. सर्वसाधारणपणे वय 45 च्या आत, तीन वर्षांचा अनुभव, इंग्रजीची परीक्षा आणि कौशल्याची तपासणी एवढे पार करावे लागते. व्हिसा चांगला आहे, हे मी मनापासून सांगते. इथल्या लहान गावांना मेकॅनिक, परिचारिका, वेल्डर आणि स्वयंपाकी खरोखरच हवे आहेत आणि आपल्या आयटीआय झालेल्या मुलांच्या हातात ते कसब आहे.

दुखणे वेगळ्याच ठिकाणी आहे. गेल्या वर्षी तासगावकडचा एक तरुण आमच्या घरी जेवायला आला होता. डिझेल मेकॅनिक, वय एकोणतीस, कामात अतिशय तरबेज. त्याने गावाकडच्या एजंटाला बारा लाख रुपये दिले होते आणि त्यासाठी वडिलांची द्राक्षबाग गहाण पडली होती. इथे कराराप्रमाणे पूर्ण पगार बँकेत जमा होत असे, पण दर पंधरवड्याला त्यातले 400 डॉलर रोख काढून त्याला मालकाच्या हातात परत द्यावे लागत. कागदावर सगळे चोख असल्याने बाहेरच्या कोणाला काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ‘तक्रार का करत नाहीस?’ असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘काकू, मालकाने सही केली नाही तर पीआर कशी मिळणार? तीन वर्षं कशीबशी काढायची.’

संपादक महोदय, त्या सहीची त्याला गरजच नव्हती. 494 नंतर ज्या 191 क्रमांकाच्या व्हिसासाठी अर्ज करायचा असतो, तो कामगार स्वतः करतो. तीन वर्षे व्हिसा बाळगलेला असणे, त्याच्या अटी पाळलेल्या असणे आणि तीन आर्थिक वर्षांच्या प्राप्तिकर आकारणीच्या नोटिसा जोडणे हे त्यात मुख्य आहे. मालकाची शिफारस त्यात मागितली जात नाही. मालकांमार्फतच मिळणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या व्हिसावरून कायम वास्तव्याकडे जाताना मालकाने पुन्हा नाव सुचवावे लागते, आणि त्या वाटेने आलेल्यांचे अनुभव ऐकून प्रादेशिक व्हिसावरची मुलेही तसेच समजून बसतात. एजंट हा गैरसमज दूर करत नाहीत. मालकाला तर तो सोयीचाच असतो.

त्या तरुणाला आणखीही बरेच ठाऊक नव्हते. परदेशी कामगार बोलावताना प्रशिक्षण निधीसाठी भरावी लागणारी 3,000 किंवा मोठ्या व्यवसायाला 5,000 डॉलरची रक्कम मालकाने स्वतःच सोसायची असते. ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. अशा व्हिसावरच्या कामगाराच्या पगाराची किमान पातळी 2013 पासून वर्षाला 53,900 डॉलरवर अडकली होती, ती जुलै 2023 मध्ये 70,000 झाली आणि त्यानंतर वाढतच गेली. 1 जुलै 2024 पासून नोकरी सुटली तर सलग 180 दिवस आणि व्हिसाच्या काळात एकूण 365 दिवस नवा मालक शोधण्यासाठी मिळतात, आणि तेवढ्या काळात प्रादेशिक भागात दुसरीकडे काम करून पोट भरता येते. व्हिसाची भीती दाखवून कामगाराला राबवून घेणे हा त्याच दिवसापासून गुन्हा ठरला आहे. माझ्या मते व्हिसाचे बंधन प्रदेशापुरतेच ठेवून एकाच मालकाचे बंधन काढून टाकले असते तर हे सगळे उपाय करण्याची वेळच आली नसती. पण तो इथल्या सरकारचा विषय आहे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. स्पॉन्सरशिपसाठी, म्हणजे कामगाराला व्हिसावर बोलावून घेण्यासाठी, पैसे घेणे डिसेंबर 2015 पासून इथे बेकायदा आहे, तसेच ते देणेही. ‘मालकाला एवढे द्यावे लागतात’ असे सांगून एजंट जी रक्कम उकळतो, ती देणारा मुलगा नकळत स्वतःलाही अडचणीत आणतो, आणि मग फसवणूक उघड दिसत असूनही तोंड उघडायला घाबरतो. बाग गहाण ठेवण्याआधी हे त्याच्या वडिलांना कोणीतरी मराठीत सांगायला हवे होते.

ते सांगणार कोण? आखाती देशांत जाणारा कमी शिकलेला कामगार निदान परदेशी नोकरीला जाण्याची मंजुरी देणाऱ्या, भारत सरकारच्या उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयाच्या नजरेखालून जातो. ऑस्ट्रेलिया त्या मंजुरीच्या यादीत नाही, त्यामुळे ही मुले कोणाच्याही नोंदीत न येता विमानात बसतात. तरीही 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे आणि त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. बारा लाखांशी हा आकडा ताडून पाहावा. स्वतःला ‘व्हिसा सल्लागार’ म्हणवून अनेकजण या नियमाला बगल देतात. ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला देणाऱ्या एजंटांचीही सरकारी नोंदवही आहे आणि ती कोणालाही घरबसल्या पाहता येते. पण देशाबाहेर बसलेल्या एजंटावर त्या नोंदणीची सक्ती नाही, याचाही फायदा घेतला जातो.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारताना तीत भरती एजंटाचा सरकारी नोंदणी क्रमांक छापण्याची अट आपण घालावी. क्रमांक नसेल तर जाहिरात घेऊ नये. जाहिरातीचे थोडे उत्पन्न बुडेल, याची मला जाणीव आहे. दुसरे असे की, जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी या व्हिसाच्या अटींची मराठी माहिती लावली जावी, यासाठी आपल्या वार्ताहरांनी पाठपुरावा करावा. तसा दोन पानी मजकूर मी तयार केला आहे आणि इथल्या एका नोंदणीकृत एजंटाकडून तपासूनही घेतला आहे. आपण कळवल्यास तो लगेच पाठवीन.

तो तरुण आता दुसऱ्या गावातल्या वर्कशॉपमध्ये आहे. नव्या मालकाने रीतसर कागदपत्रे केली आणि पगार पूर्ण हातात पडतो. आधीच्या मालकाला परत दिलेल्या पैशांबाबत त्याने अजून तक्रार केलेली नाही, कारण एजंटाला दिलेल्या रकमेचा विषय निघेल ही धास्ती त्याच्या मनातून गेलेली नाही. बागेवरचे कर्ज फिटायला आणखी दोन हंगाम लागतील, असे त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितले.

आपली नम्र,
एक वाचक
बेंडिगो, व्हिक्टोरिया (ऑस्ट्रेलिया)