नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या बालवाडीच्या अंगणात कुणीतरी वाळूचा ढीग टाकून गेलं. चाळलेली, खडे काढलेली वाळू! पावती नाही, चिठ्ठी नाही. कुणाला भेटून आभार मानायचे तेच कळेना, म्हणून हे जाहीर लिहिणं.

आता सकाळी दार उघडलं की पोरं आधी वाळूत. करवंटीनं मापून भांडी भरणं, ओतणं, ‘माझं जास्त, तुझं कमी’ यावरून भांडणं. काही पालक अजूनही विचारतात, “मॅडम, लिहायला कधी शिकवणार?” अहो, आधी बोटांत ताकद तर येऊ दे!

खेड्यांत बालवाड्या सुरू करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं अशा गावातल्याच वस्तूंची शिक्षणसाधनं केली. आमचंही तुमच्यामुळेच चाललंय. लाकडाचे उरलेले तुकडे पॉलिशपेपरनं गुळगुळीत घासून पोतंभर ठेवणारे कारागीर, जुन्या साड्यांच्या बाहुल्या शिवणाऱ्या आजी, चिंचोक्यांचा डबा ठेवून गेलेलं कुणी, सगळ्यांचे मनापासून आभार. (चिंचोके फक्त मोठ्या गटाला आणि तेही ताईंच्या समोर, धाकटे थेट नाकात घालतात.)

आणि संध्याकाळी वाळूवर आठवणीनं ताडपत्री ओढून जाणारे जे कुणी आहात, मांजरांचा बंदोबस्त केल्याबद्दल तुमचे खास आभार.