सोमवारी बंद असणाऱ्या ठिकाणांची सहल विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग, पुणे कार्यालय.

विषय : रोमहून केलेल्या तीन एकदिवसीय एट्रुस्कन सहलींबाबत तक्रार आणि सोमवारच्या सहलीचे पैसे परत मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

मे महिन्यात मी आणि माझे यजमान आपल्या इटली सहलीला आलो होतो. मुख्य सहल ठीक झाली, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती शेवटच्या तीन दिवसांची. रोमच्याही आधीचे, म्हणजे तिथल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचे इटली दाखवतो असे सांगून आपण तीन एकदिवसीय सहली वेगळे पैसे घेऊन विकल्या. रविवारी ऑर्व्हिएतो आणि चिव्हिता दि बान्योरेजो, सोमवारी चेर्वेतेरी आणि रोममधले व्हिला जुलिया संग्रहालय, मंगळवारी तार्क्विनिया. एका सहलीचे माणशी ९,००० रुपये, म्हणजे आम्हा दोघांचे तिन्ही मिळून ५४,०००. पावती सोबत जोडली आहे.

सोमवारचेच आधी सांगते. सकाळी साडेनऊला बस चेर्वेतेरीच्या बांदिताच्चा नेक्रोपोलिसच्या, म्हणजे प्राचीन थडग्यांच्या क्षेत्राच्या, फाटकाशी थांबली. फाटकाला कुलूप होते, आत चिटपाखरू नव्हते. टूर मॅनेजर खाली उतरला, फलकासमोर उभा राहिला, फोन कानाला लावून दोन-तीन येरझाऱ्या घातल्या आणि वर येऊन म्हणाला, "आज बंद आहे, सगळ्यांनी बसून घ्या." मी तशीच खाली उतरले आणि फलक पाहिला. आठवडाभर इटलीत फिरलेल्या माणसाला 'लुनेदी' म्हणजे सोमवार आणि 'क्यूसो' म्हणजे बंद, एवढे नक्की कळते. कुंपणाच्या फटीतून गवत उगवलेल्या एका गोल थडग्याची कड दिसत होती. दहा मिनिटांनी बस वळली, तेव्हाही मी तिकडेच पाहत होते.

मग म्हटले, निदान व्हिला जुलिया तरी होईल. तर तेही सोमवारी बंद! म्हणजे आपण एकाच दिवसात दोन ठिकाणे ठेवली आणि दोन्हींची साप्ताहिक सुट्टी त्याच वारी. त्याऐवजी आम्हाला ब्रँडेड कपड्यांच्या एका आउटलेटमध्ये नेऊन चार तास सोडले. तिथे आम्ही एका बाकावर बसून होतो.

पुण्याला परतल्यावर आपल्या ग्राहक सेवा विभागाने फोनवर उत्तर दिले की, "ऐनवेळी उद्भवलेल्या स्थानिक अडचणीमुळे" कार्यक्रम बदलावा लागला, आणि अटींमध्ये तशी तरतूद आहे. संप, पाऊस, रस्ता खचणे या ऐनवेळच्या अडचणी. ठरलेली साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी उद्भवत नाही. ज्याने हा कार्यक्रम आखला, त्याने संग्रहालयाचे वेळापत्रक एकदा उघडून पाहिले असते तरी रविवार आणि सोमवार यांची अदलाबदल करून काम भागले असते. ऑर्व्हिएतोचे कॅथीड्रल, तिथली विहीर, चिव्हिताचा पूल हे सगळे सोमवारी पाहता येते. बुकिंग करताना मी आपल्या कर्वे रस्त्यावरच्या काउंटरवर मुद्दाम विचारले होते, "वार तपासलेत ना?" उत्तर मिळाले, "काकू, आमची सगळी तयारी असते."

आता हे एवढे मनाला का लागले ते सांगते. मी साताऱ्याच्या शाळेत ३१ वर्षे इतिहास शिकवला. दर वर्षी मुलांना कार्ले-भाजे लेणी दाखवायला नेत असे. तिथे खडक कोरताना कारागिरांनी लाकडी घरांच्या तुळया, वासे, कमानी दगडात उतरवल्या आहेत. लाकडी घरे कधीच गेली, त्यांची ठेवण मात्र लेण्यात उरली. चेर्वेतेरीतही हेच झाले आहे, हे मला पुष्कळ वर्षांपूर्वी वाचून कळले होते. एट्रुस्कनांची घरे लाकडाची आणि मातीच्या विटांची, त्यामुळे ती टिकली नाहीत. पण मेलेल्या माणसासाठी त्यांनी जमिनीखाली टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडात घर कोरले: आढे, वासे, दारांच्या चौकटी, झोपायचे बाज, त्यावर दगडाच्याच उशा. इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनची ही थडगी हजारोंनी आहेत, मध्ये रस्ते आहेत, छोटे चौक आहेत, अगदी गावासारखी रचना आहे. युनेस्कोने २००४ मध्ये हे आणि तार्क्विनियाचे थडग्यांचे क्षेत्र मिळून जागतिक वारशात घेतले. तिथल्या एका थडग्यात, ज्याला रिलीफ्सचे थडगे म्हणतात, भिंतीवर आणि खांबांवर घरातल्या वस्तू उठावात घडवल्या आहेत: सुऱ्या, कुऱ्हाड, दोरखंडाचे वेटोळे, भांडी, आणि बाजेशेजारी चपलांचा एक जोड. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या कुणाच्या तरी चपला. कार्ल्यात मुलांना दगडी कमानींकडे बोट दाखवून मी जे शिकवले, त्याचे दुसरे टोक मला तिथे पाहायचे होते.

व्हिला जुलियातही एक गोष्ट पाहायची होती. चेर्वेतेरीलाच १८८१ मध्ये सापडलेली, भाजलेल्या मातीची मोठी शवपेटी. सुमारे ४०० तुकडे जोडून ती उभी केली आहे. झाकणावर नवरा-बायको एकाच बाजेवर टेकून बसले आहेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघांच्या चेहऱ्यावर हसू. यंदा आमच्या लग्नाला ४० वर्षे झाली. त्या जोडप्यासमोर आम्ही दोघांनी उभे राहायचे, एवढा साधा बेत होता. यजमानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे, पुन्हा रोमला जाणे आता होईलसे वाटत नाही. त्यामुळे "पुढच्या सहलीवर ३,००० रुपयांची सूट" हे आपले कूपन मी घेणार नाही.

मंगळवारी तार्क्विनियाला गेलो ते ठिकाण उघडे होते, पण वेळच दिला नाही. मोन्तेरोत्सीच्या माळावर सुमारे ६,००० थडगी आहेत, त्यांपैकी २०० रंगवलेली. जी दाखवतात, त्यांच्या प्रत्येकीवर एक छोटी खोली बांधली आहे. आत शिरून अरुंद जिना उतरायचा, तळाशी काचेचे दार, बटण दाबले की आतला दिवा लागतो. श्वासाच्या दमटपणाने रंग खराब होऊ नयेत म्हणून काच. काचेपाशी एका वेळी चारच माणसे नीट उभी राहू शकतात. आमच्या बसमध्ये ३४ जण होते. चौघांना दोन मिनिटे धरली तरी एका थडग्याला १८ मिनिटे लागतात. आपण या सगळ्या माळाला ४५ मिनिटे दिली होती! म्हणजे जेमतेम अडीच थडगी. हा हिशेब पुण्यात बसून करता आला असता.

बिबट्यांच्या थडग्याशी माझी पाळी आली. हे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. बटण दाबले, दिवा लागला. वर दोन बिबटे समोरासमोर, मध्ये झाड, छत चौकड्यांचे, आणि खाली मेजवानी. बाजेवर टेकलेला एक माणूस हातात अंडे धरून दाखवतो आहे. बाजूच्या भिंतीवर दोन नळ्यांची बासरी वाजवणारा. तांबडा रंग असा की काल भिंत सारवली असावी. मी ते अंडे पाहत होते तोच मागून "काकू, पुढच्यांना येऊ द्या" सुरू झाले. चूक मागच्यांचीही नव्हती, त्यांनाही तेवढ्याच वेळात पाहायचे होते.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर गावातले वितेल्लेस्की वाड्यातले संग्रहालय होते. तिथे देवळावरचे पंखांचे दोन घोडे आहेत, भाजलेल्या मातीचे. ते गाळले. कारण विचारले तर दोन वाजता रोममध्ये भारतीय जेवण ठरले आहे आणि हॉटेलवाले थांबत नाहीत. रोम तिथून सुमारे ९० किलोमीटर. आपले प्रवासी भारतीय जेवण मागतात हे मला माहीत आहे, त्यात वावगे काही नाही. पण माझ्या पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, निम्म्या बसकडे असेच काही ना काही होते. एका दुपारपुरते विचारले असते तर कितीतरी लोक संग्रहालयाच्या बाजूने बोलले असते. कुणी विचारलेच नाही.

रविवारबद्दल थोडक्यात. ऑर्व्हिएतोला कॅथीड्रल बाहेरून-आतून नीट दाखवले, पोप सातव्या क्लेमेंटने खणायला लावलेली २४८ पायऱ्यांची विहीरही दाखवली, उतरायचा जिना वेगळा आणि चढायचा वेगळा, फार सुंदर काम आहे ते. मात्र कड्याच्या पायथ्याशी असलेली एट्रुस्कन थडग्यांची रांग, जी आपल्या पत्रिकेत छापलेली आहे, तिच्याऐवजी तासभर चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात नेले. चिव्हिताला "चालणे अगदी कमी" असे लिहिले होते. त्या गावात जायला पायी पुलाखेरीज वाट नाही, आणि गावाकडचा शेवटचा टप्पा खडा चढ आहे. यजमान अर्ध्यातून परत फिरले. वर पुलाच्या तिकिटाचे प्रत्येकी ५ युरो बसमध्ये गोळा केले, पत्रिकेत तर "सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट" आहे.

आणि एक गोष्ट पैशांची नाही, तरी ती मला लिहायलाच हवी. आपण दिलेल्या स्थानिक गाईडने तिन्ही दिवस सांगितले की एट्रुस्कनांची लिपी आजवर कुणाला वाचता आलेली नाही. हे खरे नाही. त्यांनी अक्षरे ग्रीकांकडून घेतली, बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे लिहिली, आणि ती व्यवस्थित वाचता येतात. अडचण भाषेची आहे, कारण ती लॅटिन-ग्रीकच्या कुळातली नाही. आपण नेपाळी मजकूर देवनागरी असल्यामुळे वाचू, अर्थ मात्र सगळा लागणार नाही, तसे हे आहे. तरी 'क्लान' म्हणजे मुलगा, 'पुया' म्हणजे बायको, 'अविल' म्हणजे वर्ष असे पुष्कळ शब्द कळलेले आहेत. ऑर्व्हिएतोच्या ज्या थडग्यांपाशी आम्हाला नेले नाही, त्यांच्या दारांवरच्या दगडांत घरमालकांची नावे कोरलेली आहेत आणि ती आज वाचली जातात.

तार्क्विनियात तर गाईडने मेजवानीतल्या बायकांना सरसकट "दरबारी नर्तकी" म्हटले. बसमध्ये कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली होत्या, त्यांनी ते वहीत लिहून घेतले. एट्रुस्कन घरातली बायको नवऱ्याशेजारी पंगतीला बसत असे, आणि हे न पाहवल्याने ग्रीक लेखकांनी त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहून ठेवले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला थिओपोम्पस त्यांतलाच एक. तोच गैरसमज आपल्या गाईडने ३४ मराठी माणसांना सांगितला. मी तिथेच त्या मुलींना बाजूला घेऊन हे समजावले, पण हे काम माझे नव्हते, आपले होते.

टूर मॅनेजरबद्दल तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. तो तरुण मुलगा आहे, त्याच्या हातात छापील कार्यक्रम दिला होता आणि तो त्याने पाळला. चिव्हिताच्या पुलावरून यजमानांना हात धरून खाली त्यानेच आणले. या पत्रामुळे त्याच्या पगाराला कात्री लागू नये.

माझ्या मागण्या अशा. सोमवारच्या सहलीचे दोघांचे १८,००० रुपये पूर्ण परत मिळावेत, त्यातून आउटलेटचा बसखर्च वगैरे कापू नये. चिव्हिताचे १० युरो परत मिळावेत. गाळलेल्या तार्क्विनिया संग्रहालयाबद्दल आणि ऑर्व्हिएतोच्या थडग्यांबद्दल योग्य ती रक्कम आपण ठरवून लेखी कळवावी. आपल्या पुढच्या तुकडीच्या पत्रिकेत मी परवा पाहिले, तर चेर्वेतेरी अजूनही सोमवारीच छापले आहे. ते आजच्या आज बदला, ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना फोन करून कळवा. तार्क्विनियाला किमान तीन तास ठेवा आणि चिव्हिताच्या चढाची माहिती ठळक अक्षरांत लिहा.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या आयोगाकडे जाता येते, तेव्हा मला पुण्यालाही यावे लागणार नाही.

सोबत : पैसे भरल्याची पावती, छापील कार्यक्रमपत्रिका, चेर्वेतेरीच्या फाटकावरील फलकाचा फोटो, बसमध्ये घेतलेल्या ५ युरोच्या दोन पावत्या.

कळावे,

आपली ग्राहक
(निवृत्त शिक्षिका, सातारा)